चार मजल्यांचे चार नळ

नळवाले लेकीकडे राहायला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत अर्ध्या बाह्यांचे सहा सदरे, चपलांचा एक जोड आणि हत्यारांची पिशवी एवढंच होतं. लेकीनं फोनवर दहादा बजावलं होतं, "बाबा, इथे थंडी असते." नळवाले म्हणाले होते, "असू दे की. आम्ही काय थंडी पाहिली नाही?" पाहिली होती, नाही कशाला. पण त्यांच्या लेखी थंडी म्हणजे पहाटे पायाशी पडलेली चादर गळ्यापर्यंत ओढावी लागते, ती.

नळवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव कागदपत्रांवर कुठेतरी असेल. अठ्ठावीस वर्षं त्यांनी एका तापलेल्या, कोरड्या गावात नळ दुरुस्त केले आणि तिथल्या लोकांनी त्यांचं बारसं परस्पर उरकून टाकलं. त्या गावात पाणी एक दिवसाआड यायचं, तेही तासभर. गळका नळ म्हणजे घरात शिरलेला चोर. नळवाले रस्त्यानं चाललेले असताना कुणाच्या अंगणात टपटप ऐकू आली, की ते बोलावण्याची वाट न बघता आत शिरायचे, तोटी घट्ट पिळायचे आणि घरच्या बाईला "थेंबे थेंबे तळे साचे" असं ऐकवून बाहेर पडायचे. लोक मागे हसायचे. पण पाणी आलं नाही की पहिली हाक यांनाच जायची, आणि त्या हाकेची नळवाल्यांना फार सवय लागली होती.

बायको गेली. पाठोपाठच्या उन्हाळ्यात त्यांना ऊन लागलं आणि दोन दिवस दवाखान्यात पडून राहावं लागलं, तेव्हा लेक आली आणि वाद न घालता घेऊन गेली.

पहिल्या हिवाळ्यात त्यांची जी फजिती झाली ती सगळी सांगत बसलो तर दिवस पुरायचा नाही, आणि या गावात दिवस चार वाजताच आटोपतो. एका सकाळी खिडकीतून लख्ख ऊन दिसलं म्हणून स्वारी चपला घालून बाहेर पडली आणि कोपऱ्यावरून पाय हातात घेऊन परत आली. इथलं ऊन नुसतं बघायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर वाळत घातलेला सदरा पत्र्यासारखा ताठ होऊन घरात आला. एकावर एक तीन थर चढवायचे, त्यावर कोट, मफलर, टोपी, मोजे, बूट. या सगळ्याला पाव तास, आणि बुटाची शेवटची गाठ मारली की हमखास लघवीला लागायचं. जावई सज्जन, काही बोलत नसे. तो बोलत नाही याचाच नळवाल्यांना जास्त त्रास होई.

त्यात दुपारची झोप. त्यांच्या गावी दुपारी बारा ते तीन माणूस बाहेर दिसला तर लोक त्याच्या डोक्याची काळजी करत. इथे उलटं. दुपार हाच काय तो उजेड, म्हणून म्हातारी माणसंसुद्धा तेवढ्या वेळात रस्त्यावर येऊन तोंडावर ऊन घेत उभी राहायची. नळवाले सवयीनं झोपायचे आणि उठायचे तेव्हा अंधार. आठवडे गेले, सूर्य म्हणून दिसला नाही. स्वयंपाकघरातल्या गरम पाइपाला पाठ लावून बसायचे आणि घरातले दोन्ही नळ पुन्हा पुन्हा बघून यायचे. दोन्ही चांगले होते. दुरुस्त करायला काही नाही म्हटल्यावर या माणसानं करायचं काय? लेकीला ते दिसत होतं. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर तिनं कुठून कुठून विचारून त्यांना एक काम मिळवून दिलं.

काम घरापासून दहा मिनिटांवरच्या एका जुन्या चार मजली इमारतीत होतं. भाडेकरू बहुतेक पेन्शनर. तळाला एक शिंपीण आपलं दुकान आणि संसार एकाच खोलीत थाटून होती, आणि पहिल्या मजल्यावर निवृत्त मास्तर राहायचे. ते भाडेकरूंच्या समितीचे प्रमुख. इमारत सांभाळायच्या त्या किल्लीवाल्या बाई. बावीस वर्षं त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून जड कामाला हाताखाली माणूस हवा होता. पायऱ्यांवरचं बर्फ फोडायचं, वाळू टाकायची, कोळशाच्या गोणी तळघरात उतरवायच्या. सकाळी आठ ते चार.

बाईंनी त्यांना शिकवलं. वाऱ्याकडे पाठ करून कसं चालायचं, बोटं बधिर झाली तर काखेत कशी धरायची, नाकातलं पाणी गोठायच्या आत कसं पुसायचं. "इथली थंडी भांडखोर नाही हो नळवाले," त्या म्हणायच्या, "गुपचूप येते. तुमचं लक्ष कधी नाही तेवढं बघते." कामाच्या पहिल्याच आठवड्यात नळवाल्यांनी अक्कल चालवली. बर्फ फोडत बसण्यापेक्षा पायऱ्यांवर कढत पाणी ओतलं की काम झालं! काम झालंच. पाच मिनिटांत पायऱ्यांची काच झाली आणि मास्तर वरच्या पायरीवरून खालच्यापर्यंत बसल्या बसल्या आले. त्यांनी वर बघून गर्जना केली, "हे कुणाचं डोकं?" बाई शांतपणे म्हणाल्या, "माझं. मीच सांगितलं होतं त्यांना. चुकलंच माझं." मास्तर गेल्यावर त्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

नळवाल्यांना इमारतीतली एकच गोष्ट खुपायची. प्रत्येक मजल्यावर जिन्यालगत एक सामाईक मोरी होती. चार मजले, चार मोऱ्या, चार नळ. तिसऱ्या मजल्यावरचा नळ गळायचा. कितीही पिळा, थेंब थांबत नसे. नळवाल्यांनी दोनदा म्हटलं, "बाई, एक वायसर घालतो, पाच मिनिटांचं काम." बाई म्हणाल्या, "राहू द्या हो, सहा वर्षं गळतोय. तुम्ही आधी पायऱ्या बघा." पायऱ्या! अठ्ठावीस वर्षं नळात घालवलेल्या माणसाला सांगतायत पायऱ्या बघा. त्या दिवसापासून नळवाल्यांच्या खिशात एक नवं लाल रबराचं वायसर असायचं.

हिवाळ्याच्या ऐन भरात एक दिवस असा उजाडला की पक्षीसुद्धा उडेनात. श्वास सोडला की मिशीवर पांढरा थर. बाईंनी सकाळीच आभाळाकडे बघून मान हलवली. नळवाले नेहमीप्रमाणे चारला निघाले, घरी पोचले आणि लक्षात आलं, हातमोजे तळघरातच राहिले. उद्या सकाळी उघड्या हातांनी बाहेर पडणं म्हणजे बोटांना मुकणं. परत निघाले. साडेपाचला इमारतीत शिरले तर जिन्यात चिटपाखरू नाही, सगळे आपापल्या शेगडीपाशी. आणि त्या शांततेत त्यांना ऐकू आलं. पाणी वाहत होतं.

चौथ्या मजल्यापर्यंत गेले. चारही मोऱ्यांमधले नळ चालू. फार नाही, पेन्सिलीएवढी धार. पण चालू! नळवाल्यांच्या छातीत कळच आली. चार नळ रात्रभर वाहिले तर त्यांच्या गावातल्या अख्ख्या गल्लीची तहान भागली असती. बाई विसरल्या. वय झालं बिचारीचं, त्यांना वाटलं. मोऱ्या धुतल्या असतील आणि नळ तसेच ठेवून गेली असेल. मास्तरांना कळलं तर उगाच बोलतील. त्यांनी एकेक नळ बंद करत आणला. तिसऱ्या मजल्यावरचा ऐकेना, तेव्हा खालचा कॉक फिरवून पाणी तोडलं, तोटी उघडली, खिशातलं लाल वायसर घातलं, पुन्हा बसवली, कॉक उघडला. एक थेंब नाही. किती महिन्यांनी त्यांच्या हातांना आपलं काम मिळालं होतं. बाईंना काही सांगायचं नाही, कशाला त्यांना ओशाळवाणं करा, असं ठरवून हा शहाणा माणूस हातमोजे घेऊन घरी गेला, आणि त्या रात्री त्याला फार चांगली झोप लागली.

आता तुम्ही थंडीच्या मुलखातले असाल तर कपाळावर हात मारून घेतलाच असेल. तिथलं शेंबडं पोरही सांगेल, कडाक्याच्या थंडीत पाइपातलं पाणी चालतं ठेवायचं असतं. चालतं पाणी गोठत नाही. थांबलं की गोठतं, गोठलं की फुगतं, आणि फुगलं की लोखंडालाही फाडतं. गेली बावीस वर्षं दर कडक थंडीच्या संध्याकाळी बाई चार मजले चढून चार नळ बारीक धारेवर सोडायच्या आणि सकाळी सातला बंद करायच्या. इमारतीत सगळ्यांना हे माहीत होतं, इतकं माहीत होतं की नळवाल्यांना सांगावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. आणि त्यांनी विचारलं नाही. नळाबद्दल ते कुणाला काय विचारणार?

सकाळी वरच्या दोन मजल्यांवर पाणी नव्हतं. दुपारी वारा पडला, हवा जराशी सैल झाली, आणि दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये मागच्या भिंतीतला पाइप हातभर उभा फाटला. पाणी जिन्यावरून धावलं, छतातून झिरपलं आणि थेट शिंपिणीच्या खोलीत पडलं. तिच्याकडे दुरुस्तीला आलेले एकतीस जाड कोट होते, आणि त्यांचे मालक त्या थंडीत पातळ कोटांवर दिवस काढत होते. ती कोट उचलून बाहेर टाकत होती, एका हातानं डोळे पुसत होती. बादल्या घेऊन सगळ्यात पुढे कोण, तर नळवाले. गुडघाभर पाण्यात उभे राहून उपसत होते आणि मनात म्हणत होते, माझ्या हातात असती ही पाइपलाइन तर असं झालं नसतं.

मग पाणीखात्याचा मिस्त्री आला. त्यानं पाइप बघितला, वर जाऊन मोऱ्या बघितल्या आणि कामाला लागता लागता सहज म्हणाला, "रात्री नळ बंद होते. सोडलेले असते तर काही झालं नसतं."

नळवाल्यांच्या हातातली बादली तशीच राहिली. क्षणभर त्यांना ते वाक्य नीट कळलंच नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. पायाखालचं पाणी जितकं गार होतं त्याहून त्यांचं अंग गार पडलं.

"बाई," मास्तर म्हणाले, "काल नळ सोडले नाहीत?"

"सोडले की. चारही सोडले. पाच वाजता."

"मग बंद कुणी केले?"

"सकाळी मी बंद करायला गेले तर बंदच होते. मला वाटलं, कुणी तरी केले असतील."

मास्तरांनी तिथल्या तिथे प्रत्येक भाडेकरूला विचारलं. कुणीही हात लावला नव्हता. वर्षानुवर्षं कुणी लावत नव्हतं. शेवटी ते नळवाल्यांकडे वळले. "तुम्ही चारलाच जाता ना?"

"हो," नळवाले म्हणाले.

चारला जातो हे खरंच होतं. एका अक्षराचं खोटं त्यांनी सांगितलं नाही. आयुष्यभर ते स्वतःला हेच सांगू शकले असते, आणि पहिले काही दिवस त्यांनी ते सांगूनही बघितलं. पण तो "हो" म्हणजे काय होतं ते त्यांना तोंडातून बाहेर पडतानाच माहीत होतं.

बाईंनी फाटलेल्या पाइपाकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मीच विसरले असेन. मला तर अगदी आठवतंय हो, मी वर गेले, नळ सोडले... पण ते परवाचंही असेल. विसरलेच असेन मी." शिंपीण बाईंशी एक शब्द बोलली नाही. ओले कोट उचलत राहिली.

नळवाले का बोलले नाहीत? नोकरी जाईल म्हणून? तेही होतं थोडं. पण खरं कारण त्याहून हलकं होतं. नळवाल्यानं नळ फोडला, असं सगळं गाव म्हणालं असतं. हसलं असतं. लेकीच्या घरी जावई काही बोलला नसता, आणि ते न बोलणं त्यांना जन्मभर ऐकावं लागलं असतं. एवढ्या हशाला भिऊन त्यांनी एका बाईची बावीस वर्षं पाण्यात जाऊ दिली. ज्या बाईनं त्यांच्यासाठी मास्तरांपुढे चूक अंगावर घेतली होती, तिची. मूग गिळून गप्प बसणं म्हणतात ना, ते तसंच होतं. मूग काही पचले नाहीत.

त्यानंतर बाईंचं जे होत गेलं ते त्यांना रोज बघावं लागलं. तळघराला कुलूप लावल्यावर त्या चार पावलं जायच्या, परत यायच्या, कुलूप ओढून बघायच्या. मग पुन्हा. कोटाच्या खिशात चिठ्ठ्या दिसायला लागल्या: वाळू संपली, दिवा मालवला, दिवा मालवला हे पाहिलं. शिंपिणीला काही सांगायला लागल्या की मध्येच थांबायच्या, "हे मी तुला आधीच सांगितलंय का गं?" शिंपिणीनंही राग सोडला होता आणि आता ती त्यांच्याशी जरा मोठ्यानं, सावकाश बोलायची. माणसाला म्हातारं करायला आजूबाजूच्यांचा असा आवाज पुरतो. एक दिवस जिन्यात बाईंनी नळवाल्यांनाच विचारलं, "खरं सांगा, तुम्हाला माझ्यात काही फरक वाटतो का?" नळवाले म्हणाले, "छे, छे," आणि फावडं घेऊन बाहेर गेले. वाळू टाकून झाली होती. तरी ते पुन्हा टाकत बसले.

महिन्याभरात बाईंनी समितीपुढे जुडगा ठेवला. कुणी मागितला नव्हता. "आज पाइप फुटला, उद्या माझ्या हातून शेगडी राहिली तर?" त्या म्हणाल्या, "मुलीकडे राहायला जाते." आणि मग म्हणाल्या, "किल्ल्या नळवाल्यांना द्या. पाण्यावर त्यांच्याइतकं लक्ष कुणाचं नाही." मास्तरांनी जुडगा उचलून नळवाल्यांच्या हातात दिला, आणि नळवाल्यांनी तो घेतला. नको म्हणाले नाहीत. जीभ टाळ्याला चिकटली होती असं ते पुढे लेकीला म्हणाले, पण हात तर चिकटला नव्हता, तो पुढे झालाच.

लेक खूश झाली. जावयानं हिवाळाभरात पहिल्यांदा आपणहून एक वाक्य उच्चारलं: "अभिनंदन, बाबा." कडक थंडीची संध्याकाळ आली की आता तेच चार मजले चढायचे, चार नळ सोडायचे. पेन्सिलीएवढी धार. ज्या आवाजाचा त्यांना जन्मभर राग होता तो आता ऐकवत नव्हता, कारण दुसरं होतं. तिसऱ्या मजल्यावर तर ते तोटीकडे बघतच नसत. भाडेकरू जिन्यात भेटले की म्हणत, तुम्ही आलात म्हणून बरं, आता निर्धास्त झोप लागते. मेल्याहून मेल्यासारखं होई.

एक दिवस शिंपीण बाईंना भेटून आली. "डॉक्टरांकडे नेलं होतं त्यांना," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, काही नाही, वयाचं असतं. पण त्यांच्या मनानंच घेतलंय. कशाला हात लावत नाहीत. चहासुद्धा करत नाहीत, गॅस राहील म्हणून. खुर्चीत बसून असतात नुसत्या."

त्या संध्याकाळी नळवाल्यांनी लेकीला सगळं सांगितलं. अंधार पडलेला, ती भाजी चिरत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि सुरी खाली ठेवली.

"दोन महिने?" ती म्हणाली. "तुम्ही दोन महिने रोज तिथे जात होतात?"

"हो."

"मला कशाला सांगताय मग? मी काय करू याचं?" तिचा आवाज चढला नव्हता. पण लहानपणापासून ज्या नजरेनं ती बापाकडे बघत आली होती ती नजर त्या दिवशी तिथे नव्हती, आणि ते दोघांनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी ते मास्तरांकडे गेले. उभ्या उभ्या बोलून टाकलं. मास्तर चष्मा पुसत बसले, मग म्हणाले, "झालं ते झालं हो. आता कशाला उकरून काढता? बाईंचं वय झालंच होतं. आज ना उद्या किल्ल्या ठेवाव्याच लागल्या असत्या." आणि सांगायला लाज वाटते, पण नळवाल्यांना बरं वाटलं. एक अख्खा दिवस त्यांनी त्या वाक्यावर काढला. वय झालंच होतं. आज ना उद्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्यांवर वाळू टाकताना त्यांच्या मनात आलं की बाई आपल्याहून अवघ्या चार वर्षांनी मोठ्या आहेत. त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं, जुडगा कोटाच्या खिशात टाकला आणि तसेच निघाले.

बाईंच्या मुलीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. बर्फातून तासभर चालायचं. वाऱ्याकडे पाठ करायची की तोंड, याचं भान नव्हतं. मुलीनं दार उघडलं, त्यांना ओळखून हसली. दारापाशीच्या बोळात बूट काढायला लावले, आत नेलं. बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीत. समोर सतरंजीवर सातआठ महिन्यांची नात उशांना टेकून बसवली होती आणि हात वर करून आजीकडे झेपावत होती.

"आई, जरा घेतेस का हिला? यांच्यासाठी चहा टाकते."

"नको गं. तिथेच बरी आहे ती," बाई म्हणाल्या. मुलीनं नळवाल्यांकडे बघून नुसती मान हलवली आणि नातीला उचलून आत नेलं.

नळवाल्यांनी वेळ घालवला नाही. घालवला असता तर पुन्हा राहिलं असतं. "बाई, नळ मी बंद केले होते. तुम्ही विसरला नव्हता. मी हातमोजे घ्यायला परत आलो होतो. मला वाटलं चुकून राहिले, म्हणून चारही बंद केले."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग अगदी मायेनं हसल्या. "तुम्ही फार चांगले आहात हो नळवाले. एवढ्या थंडीत हे सांगायला आलात. पण मला असं समजवायची गरज नाही. मी आता मान्य केलंय."

"समजवत नाही बाई, खरं सांगतोय."

"पुरे आता. कशी आहे इमारत?"

हे नळवाल्यांनी धरलंच नव्हतं. त्या रागावतील, रडतील, हाकलून देतील, सगळं धरलं होतं. आपल्याला चांगला म्हणतील असं वाटलं नव्हतं. त्या एका शब्दाच्या आडोशाला आत्ता बसता आलं असतं. चहा घ्यायचा, दोन गोष्टी बोलायच्या, उठायचं. सांगून तर झालं होतं.

"तिसऱ्या मजल्याचा नळ," ते म्हणाले. "त्या सकाळी तुम्ही गेलात तेव्हा तो गळत होता का?"

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "नाही. कोरडा होता." मग सावकाश म्हणाल्या, "सहा वर्षांत पहिल्यांदा कोरडा होता. मला नवल वाटलं होतं. मग पाण्याच्या गोंधळात..."

"मी त्यात वायसर घातलं होतं. लाल रबराचं. आजही आहे."

मुलगी चहाचा कप घेऊन, नातीला दुसऱ्या हातावर धरून दारात येऊन थांबली होती. तिनं ऐकलं होतं.

"तुम्हाला हे कधी कळलं?" बाईंनी विचारलं.

"त्याच दुपारी. मिस्त्री बोलला तेव्हा."

"मी तिथेच उभी होते."

"हो."

"जिन्यात मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

बाईंनी मांडीतले हात उचलले आणि त्यांच्याकडे बघितलं. "दोन महिने मी हिला उचललेलं नाही," त्या म्हणाल्या. "रोज झेपावते. घेतली आणि कुठे तरी ठेवून विसरले तर, म्हणून. हिच्या आईला वाटलं, आजीची माया आटली." आवाज कापत होता आणि तो रडण्यानं नव्हे. "पाइपाचं काही नाही हो. पाइप कुणाकडूनही फुटतो. तुम्ही मला माझीच भीती घालून ठेवलीत."

नळवाल्यांनी जुडगा काढून टेबलावर ठेवला. माफीचा शब्द त्यांच्या तोंडात होता. त्या वाक्यापुढे तो काढायची त्यांना लाज वाटली.

"किल्ल्या मास्तरांकडे द्या," बाई म्हणाल्या. "काय करायचं ते मी त्यांच्याशी बोलेन. तुमच्याशी आत्ता मला बोलायचं नाही." मग त्यांनी मुलीकडे हात पसरले. "आण तिला इकडे."

मुलीनं नात त्यांच्या हातात दिली. बाईंनी तिला खांद्याशी धरलं, पाठ फिरवून खिडकीकडे तोंड केलं आणि कानाशी काहीबाही बोलू लागल्या. चहाचा कप मुलीच्याच हातात राहिला. बसा असं कुणी म्हणालं नाही, आणि जा असंही नाही.

नळवाले जुडगा उचलून बोळात आले आणि बूट चढवायला बसले. एक मोजा ओला झाला होता, बोटं ऐकत नव्हती, नाडी सापडत नव्हती. आत नात खिदळत होती आणि बाई तिला विचारत होत्या, कुठे होती, आजी कुठे होती. त्यांचा एकच बूट झाला होता तेव्हा मुलगी आली. त्यांना वाटलं, काही म्हणायला आली. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. बोळातून गार वारा आत येत होता, पोरीला बाधू नये म्हणून तिनं मधलं दार लावून घेतलं.